पिनेची जागा

घड्याळजींनी ओलं फडकं कोटाच्या बाहीवर पसरलं आणि वर इस्त्री टेकवली. चर्रकन वाफ उठली. बाही सरळ झाली, मग दुसरी केली, मग पाठ. कोट त्यांचा नव्हता, हवालदारांचा होता. त्यांचा स्वतःचा कोट मागे खुर्चीच्या पाठीवर सुरकुत्यांसकट लटकलेला होता. आधी हवालदारांचा, मग यांचा, असाच क्रम या घरात होता, आणि तो काही घड्याळजींनी लावलेला नव्हता.

तो क्रम बायकोचा होता. ती गेल्याला अजून वर्ष व्हायचं होतं. माजी सैनिकांचा मेळावा आला की ती गल्लीच्या टोकाशी राहणाऱ्या हवालदारांकडून त्यांचा कोट घेऊन यायची. एकटा माणूस, त्यांचं कोण करणार, म्हणायची. दोन्ही कोट एकाच निळ्या कापडाचे, संघटनेने एकाच शिंप्याकडून शिवून घेतलेले. अंगकाठीही दोघांची सारखीच. तरी तिला नुसता हात लावून कळायचं कुठला कुणाचा.

यंदा घड्याळजी स्वतःच जाऊन कोट घेऊन आले. न आणून करतात काय? त्या माणसाने त्यांचा जीव वाचवला होता.

टेकडीवरची चौकी सोडून मागे यायचा हुकूम झाला तेव्हा घड्याळजींच्या छातीत आणि मांडीत लोखंडाचे तुकडे घुसलेले होते. हवालदारांनी त्यांना पाठीवर टाकलं आणि वरून गोळ्या चालू असताना अख्खा उतार उतरून खाली आणलं. त्याचं त्यांना पदक मिळालं. नोकरी संपल्यावर दोघं याच गावात राहिले. घड्याळजींनी घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं आणि गावाने त्यांना दोन नावं दिली. दुकानात घड्याळजी. मेळाव्यात 'वाचलेले'. "हे आमचे हवालदारसाहेब, आणि हे वाचलेले." दरवर्षी त्यांना हवालदारांच्या शेजारी उभं करायचे. कापड बघा किती पक्कं आहे, म्हणून दुकानदार गिऱ्हाइकापुढे टोक धरतो ना, तसं.

ज्याने जीव वाचवला त्याचाच हेवा करायचा, हे काही बरं नाही, हे घड्याळजींना समजत होतं. पण दाढ दुखते आहे हे समजलं म्हणून ती दुखायची थांबत नाही.

बायको तर येईल त्याला सांगायची, "भावोजींनी पाठीवरून आणलं म्हणून माझा संसार झाला." हवालदार जेवायला आले की पहिलं गरम ताट त्यांच्यापुढे जायचं. एकदा घड्याळजी चिडून म्हणाले होते, "मग त्यांच्याशीच करायचं होतंस लग्न."

"विचारलं होतं," ती ताटं उचलता उचलता म्हणाली. "ते म्हणाले, एकदा पोचवलेला माल मी परत घेत नाही."

हवालदार तिथेच बसले होते. ते खो खो हसले. घड्याळजीही हसले, पण त्यांना रात्रभर झोप आली नाही.

आणि मग दवाखान्यातलं ते. तिचे शेवटचे दिवस होते. घड्याळजी उशाशी बसलेले असताना तिने डोळे उघडून विचारलं, "भावोजी आले का?" हवालदार आले. मग तिने नवऱ्याला चहा आणायला पाठवलं. पाण्याचा घोट उतरत नव्हता तिच्या घशाखाली, आणि चहा! घड्याळजी पेला घेऊन परत आले तेव्हा दोघांचं बोलणं तुटल्यासारखं थांबलं. काय बोलत होते, ते तिने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. तो न प्यायलेला चहा मात्र अजून घशात अडकून होता.

इस्त्री झाली. घड्याळजींनी कोट हँगरवर लावला, जरा लांबून बघितला, आणि डाव्या खिशाच्या वर त्यांना ती भोकं दिसली. दोन बारीक भोकं, पदकाच्या पिनेची. दर वर्षी तिथेच पिन जायची, आणि ती टोचायची बायको. हवालदार मान वर करून उभे राहायचे, ती दातांत ओठ धरून पिन लावायची, मग दोन पावलं मागे होऊन बघायची. "आता कसे शोभताय," म्हणायची. घड्याळजी तेव्हा बुटांना पॉलिश करत असायचे.

त्यांनी कोट हँगरवरून काढला आणि अंगात घातला. आरशात बघितलं. खांद्यावर बसला, पोटावर बसला. बोटाने ती भोकं चाचपली.

मग त्यांनी खुर्चीवरचा आपला कोट उचलला आणि घाईघाईने त्यावर इस्त्री फिरवली. वरवरच. कोट उलटा करून अस्तरावरूनही इस्त्री फिरवायची असते, हे तिला माहीत होतं, यांच्या गावीही नव्हतं. तो कोट हातावर टाकून ते बाहेर पडले. हवालदारांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलायचे. त्यांना काय दिसणार होतं?

हवालदार दारातच वाट बघत होते.

"आलास? दे." त्यांनी हात पुढे केला, तो कोटाच्या जरा बाजूलाच गेला. "इस्त्री कुणी केली?"

"मीच केली."

"जाळला नाहीस ना? घड्याळं बंद पाडतोस, कोटाचं काय सांगावं."

"घालून बघा तुम्ही."

हवालदार त्यांना पहिल्यापासून अरे-तुरे करायचे. घड्याळजी मात्र 'अहो'च्या खाली कधी आले नाहीत. आदर म्हणा, नाहीतर अंतर म्हणा.

हवालदारांनी कोट चढवला, बटणं लावली आणि डबीतलं पदक पुढे केलं. "हे आता तुलाच लावावं लागणार." एवढं म्हणून त्यांनी मान वर केली.

घड्याळजींनी पिन टेकवली. ती शिरेना. त्या कापडात आजवर पिन गेलीच नव्हती.

"जागा सापडत नाही का?"

"सापडली." त्यांनी अंगठ्याने जोर दिला. पिन कशीबशी आरपार गेली.

हवालदारांनी पदकावरून हात फिरवला. बोटं तिथे जरा रेंगाळली. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घालून बघितला, बाहेर काढला, आणि काठी उचलली.

"चल. उशीर झाला तर चिटणीस आपल्या दोघांचं कोर्टमार्शल करील."

सभागृह भरलं होतं. संघटनेचे चिटणीस मंचावर इकडून तिकडे पळत होते. माइक मधूनच किंचाळत होता. घड्याळजींनी हवालदारांना खुर्चीत बसवलं आणि नेहमीसारखे शेजारी उभे राहिले. आज छाती जरा पुढेच काढली होती.

"वाचलेले, थोडं डावीकडे सरकता का?" चिटणीस म्हणाले. "फोटोत पदक झाकलं जातंय."

घड्याळजी सरकले. सरकताना कोटावरच्या त्या दोन भोकांवर त्यांनी तळहात ठेवला.

या वर्षी गेलेल्या सैनिकांसाठी सगळे उभे राहिले. दोन नव्या निवृत्तांना गुच्छ दिले. मग चिटणिसांनी नेहमीची गोष्ट सांगितली, टेकडी, हुकूम, गोळ्या, उतार. टाळ्या झाल्या. एरवी हवालदार "मी माझं काम केलं" एवढं बोलून बसायचे. आज त्यांनी काठीवर भार देऊन उठत माइक हातात मागितला.

"तुम्ही दर वर्षी टाळ्या वाजवता," ते म्हणाले. "पण अर्धी गोष्ट ऐकून वाजवता. चूक माझी आहे, मी अर्धीच सांगत आलो."

त्यांनी माइक तोंडाजवळ आणला.

"त्या उतारावर माझ्या तोंडापुढे स्फोट झाला. डोळ्यांत सगळी माती गेली. मला काही दिसत नव्हतं. पाय माझे होते, पण डोळे याचे होते." त्यांनी काठीने शेजारी दाखवलं. "हा पाठीवरून मला सांगत होता. डावीकडे दगड आहे. पुढे खड्डा आहे. थांब. आता चल. छातीतून रक्त वाहत होतं आणि हा वाट सांगत होता. मी याला आणलं म्हणता? आम्ही एकमेकांना आणलं. पदक एकच होतं, ते पायांना मिळालं."

मग मागच्या रांगेतून टाळी आली, आणि बघता बघता माणसं खुर्च्या सरकवून उभी राहिली. सगळ्यांची तोंडं घड्याळजींकडे होती. चिटणिसांनी चष्मा काढून पुसला.

हेच तर हवं होतं. इतकी वर्षं हवालदारांच्या सावलीत उभं राहून त्यांना नेमकं हेच हवं होतं. क्षणभर घड्याळजींच्या अंगावर सरसरून काटा आला. मग त्यांची नजर सवयीने पुढच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर गेली. तिथे ती बसायची. आज तिथे कुणाची तरी पिशवी ठेवलेली होती.

त्या उतारावर घड्याळजींनी डोळे गच्च मिटून घेतले होते. तोंड हवालदारांच्या कॉलरमध्ये खुपसलं होतं आणि खाली पोचेपर्यंत एकदाही वर काढलं नव्हतं. हे त्यांनी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं, लग्नाला थोडे दिवस झाल्यावर, दिवा मालवून. तिने नुसता त्यांच्या डोळ्यांवर हात ठेवला होता.

टाळ्या थांबत नव्हत्या. घड्याळजी माइककडे वळले.

"नाही हो," ते म्हणाले. "हे असं नाही. मी काही..."

आणि त्यांना खोकला आला. छातीतले तुकडे काढले तेव्हापासूनचा खोकला, एकदा लागला की जीव अर्धा करून सोडणारा. ते वाकले, डोळ्यांत पाणी आलं. समोर लोक एकमेकांना म्हणत होते, बघा, किती संकोची माणूस, आणि आणखी जोरात टाळ्या वाजवत होते.

हवालदारांनी माइक बाजूला धरला. दुसरा हात कोटाच्या आतल्या खिशात घातला आणि एक लहानशी पुरचुंडी काढून घड्याळजींच्या मुठीत दिली.

"घे," ते हळूच म्हणाले. "तुझ्या कोटात होती."

स्वयंपाकघरातल्या जुन्या पडद्याचा तुकडा होता तो. आत चार लवंगा. वर तिची गाठ, दोनदा फिरवून टोक आत खोचलेली. मेळाव्याला निघताना ती दर वर्षी ठेवायची, भाषणात खोकू नका म्हणून. यांना कधी कुणी भाषण करू दिलं नव्हतं, तरी ठेवायची. ही गेल्या वर्षीची.

घड्याळजींना गाठ सोडवेना. त्यांनी कडेने बोट घालून कशीबशी एक लवंग ओढून काढली आणि दाढेखाली धरली. बाकीची पुरचुंडी तशीच मुठीत ठेवली. खोकला बसला. माइक आता चिटणिसांच्या हातात होता आणि ते म्हणत होते की पुढच्या वर्षीपासून दोघांनाही खुर्च्या ठेवायच्या.

सभा उठल्यावर पुढच्या पायऱ्यांवर गर्दी झाली, म्हणून ते दोघं मंचाच्या मागच्या बाजूने निघाले. तिकडच्या पायऱ्या अरुंद होत्या, उजेड कमी होता, कठडा नव्हता. वरच्या पायरीवर हवालदार थांबले.

"असं का बोललात?" घड्याळजींनी विचारलं. "मी डोळे मिटले होते."

"माहीत आहे मला. माझी कॉलर ओली झाली होती."

"मग?"

काठीचं टोक पुढे सारून हवालदार पायरीची कड शोधत होते. काठी एकदा हवेतच गेली.

"चहा आणायला पाठवलं होतं मला," घड्याळजी म्हणाले. "तेव्हा तिनेच असं बोलायला सांगितलं होतं का तुम्हाला?"

"तुझा कोट मला काखेत घट्ट होतो रे," हवालदार म्हणाले. "घरी जाऊन आधी बदलू. आणि मला खरंच काही दिसत नाहीये. पायरी कुठे आहे ते सांग."

घड्याळजींनी मुठीतली पुरचुंडी खिशात ठेवली. हवालदारांचा दंड धरला आणि खाली बघितलं.

"अर्धं पाऊल पुढे," ते म्हणाले. "अजून थोडं. हं, आता उतर. थांब, डावीकडे तुटली आहे. माझ्या बाजूने ये."