मला घड्याळ बांधू नका

मी शिखाची जन्मतारीख बोलतेय. एक जानेवारी. मध्य प्रदेशातल्या धारच्या जन्मदाखल्यावर मी ठसठशीत बसले आहे. शाळेत, आधार कार्डावर, केकवर, कुठेही गेले तरी जागची हलले नाही.

मग शिखाने मल्लखांबाच्या स्पर्धेचा फॉर्म वेबसाइटवर भरला. तिच्या गटात तिच्या जन्मवर्षाच्या एक जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच प्रवेश होता. मी अगदी उंबरठ्यावर! तिने बटण दाबलं आणि उत्तर आलं : जन्म एकतीस डिसेंबर, वय जास्त, अर्ज नामंजूर.

"बरोबरच आहे की," तिची आजी जमुनाबाई म्हणाली. "तू पहाटेची. सूर्य उगवायचा होता, म्हणजे आमच्या हिशोबाने आदलाच दिवस."

"आजी, तू माझ्या पार्टीत आहेस की वेबसाइटच्या?"

मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. शिखा हटणारी नव्हती. दाखला आणि आजी, दोघांनाही घेऊन ती बसने देवासला गेली, वेबसाइट बनवणाऱ्या अर्पितकडे.

"अर्पित भिया, ये इकतीस दिसंबर कहाँ से आया? दाखला बघा."

अर्पितने कोड उघडला. "सर्व्हर ग्रीनविचच्या वेळेवर चालतो, आपण साडेपाच तास पुढे. तेवढे जोडून देतो, हो गया काम."

"आणि माझ्या बाबांनी सिंगापूरहून फॉर्म भरला असता तर?"

"सिंगापूर आठ तास पुढे. साडेपाच जोडूनही तारीख आदलीच राहील," अर्पितने हिशोब केला.

"अरे, पण ही जन्मली पहाटे..." आजीने पुन्हा सुरू केलं.

"आजी, जन्मवेळ फॉर्मने विचारलीच कुठे?" अर्पित म्हणाला आणि पुन्हा कोडकडे वळला.

खरंच, कुणी विचारली नव्हती. तरी कॉम्प्युटरने आपल्या मनाने माझ्या मनगटाला मध्यरात्रीचं घड्याळ बांधलं होतं. धारची मध्यरात्र म्हणजे ग्रीनविचची आदली संध्याकाळ. म्हणून मी मागे ढकलले गेले. माझ्यासारख्या इतर तारखाही सरकल्या होत्या, पण त्यांचं अडलं नाही म्हणून कुणी बोललं नाही.

अर्पितने ते घड्याळ सोडवलं. वर्ष, महिना, दिवस, बस्स. सरकलेल्या तारखाही जागेवर आणल्या. मुदतीच्या आत अर्ज मंजूर झाला.

स्पर्धेची वेळ मात्र त्याने घड्याळासकट ठेवली; बाबांना ती सिंगापूरच्या वेळेत दिसली. म्हणून तर शिखा दोरीवर चढली त्याच घटकेला बाबा सिंगापुरात मोबाइलसमोर बसलेले होते.

वेबसाइट बनवणाऱ्यांनो, क्षणाला घड्याळ जरूर द्या. मी क्षण नाही, दिवस आहे. मला लिहिलं तसंच ठेवा.

आजी अजूनही शिखाला एकतीस डिसेंबरलाच ओवाळते. तिच्यापुढे मी हार मानते. सर्व्हरपुढे नाही.