लायसनचा डोंगा

"माह्या डोंग्यातून आजवर कोंबडीबी पान्यात पडली नाही जी," केवळराम म्हणाला, आणि साहेब पडले.

पाणी गुडघाभरच होतं. पण साहेब थेट बसलेच, त्यामुळे ते छातीपर्यंत आलं. घाटाच्या ऑफिसातले हे साहेब गोंदियाहून डोंग्याची तपासणी करायला आले होते. डोंगा काठाला लागायच्या आधीच फोटोसाठी उभे राहिले, एवढंच. केवळरामने काखेत हात घालून त्यांना उठवलं. त्याच्या बायकोने, धुरपताने, आपलं धुतलेलं लुगडं आणून दिलं. ते गुंडाळून साहेब बाजेवर बसले आणि त्यांनी नवा दर सांगितला. लायसनची फी चौपट झाली होती.

"काऊन जी? डोंगा तं तेवढाच आहे."

"डोंग्याचे पैसे नाहीत रे भई, नदीचे आहेत. देखभाल. तुम्ही लोक नदी वापरणार, मग तिला सांभाळणार कोण?"

"वैनगंगा वापरली मनून सरत नाही जी."

"गाळ काढायचा, अडथळे काढायचे. मशीन येणार आहे. फायदा तुझाच."

धुरपताने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "साहेबाले लुगडं सोडून जा मना."

या घाटावर आधी केवळरामचा बाप डोंगा चालवायचा, आता तो चालवत होता. मोहटोला गावाची निम्मी शेती पलीकडच्या काठावर. रोवणीच्या बाया, सायकली, शेळ्या, एकदा तर वरातीतला नवरदेव, सगळं त्याच्याच डोंग्यातून गेलेलं. तिकीट कधीच नव्हतं. धान निघाला की घराघरातून वर्षाच्या ये-जाचा धान त्याच्या अंगणात येऊन पडायचा. फी मात्र धान उभा असतानाच भरायची होती, आणि तीही मोबाइलवरून. धान मोबाइलात जात नव्हता.

केवळरामकडे दोन डोंगे होते, एक बापाचा आणि एक स्वतःचा. त्याने बापाचा विकला आणि त्या पैशात आपल्याचं लायसन काढलं. बापाचा डोंगा आमगाव रोडवरच्या एका ढाबेवाल्याने घेतला आणि त्यात माती भरून झेंडू लावला.

"एक डोंगा विकून दुसऱ्याचं लायसन," धुरपता म्हणाली. "पुढच्या साली काय विकशीन? मले?"

"तुहं लायसन कोठी आहे वं?" केवळराम म्हणाला.

उन्हाळ्यात धार आटली. लोक पायीच पलीकडे जाऊ लागले, तसा केवळरामने दरवर्षीसारखा डोंगा डोहात बुडवला. उन्हात लाकूड तडकतं, म्हणून त्यात दगड भरून तो पावसाळ्यापर्यंत पाण्याखाली झोपवायचा. त्याच्या बापानेही तेच केलं होतं. हे ऑफिसात सांगायला हवं, असं काही त्याच्या मनात आलं नाही. आपण रात्री अंगणात झोपतो, हे कोणी ऑफिसात कळवतं का?

मग मशीन आलं. फीचे पैसे खरोखर नदीवर खर्च होत होते, हे मान्य करायला हवं. गुड्डू नावाचा ऑपरेटर कानात गाणी घालून डोह साफ करत होता. केवळराम काठाने धावत आला तेव्हा मशीनचा पंजा पाण्यात गेलेला होता.

"थांब गा! माहा डोंगा होय तो! अबे थांब!"

पंजा वर आला. पंज्यात डोंगा. केवळरामने आपला डोंगा असा खालून कधी पाहिला नव्हता. त्यातून पाणी गळत होतं, दगड धपाधप पडत होते. मग मध्येच कडकन आवाज झाला आणि डोंग्याचे दोन तुकडे वाळूवर आले.

गुड्डू खुशीत खाली उतरला. "कब से डूबी पडी थी, दादा? मैंने निकाल दी. कुछ चाय-पानी?"

केवळराम ऑफिसात गेला. साहेबांनी ओळखलं, चहा सांगितला.

"डोंगा बुडाला होता का?"

"बुडाला नोता जी. बुडवला होता."

"कोणी?"

"मीच."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "चालू लायसनची नाव तूच बुडवली. बुडालेली वस्तू म्हणजे अडथळा. अडथळा आम्ही काढला. आता तक्रार कोणावर लिहू, तूच सांग."

केवळरामने विचार केला. स्वतःशिवाय दुसरं नाव त्यालाही सुचेना.

"लायसन तरी वापस घ्या जी. पैसे द्या."

"त्यासाठी नाव तपासणीला आणावी लागते. अख्खी."

पावसाळ्यात बाया ट्रॅक्टरमध्ये बसून पुलावरून लांबच्या फेऱ्याने रोवणीला जाऊ लागल्या. कन्हैयालाल पटले, पलीकडे सगळ्यात जास्त शेती असलेला, भला माणूस, एकदा घाटावर थांबला. केवळराम तिथे नुसताच बसला होता.

"वाईट झालं गा केवळराम. पन डोंगा नाही, तं यंदा धान कायचा देऊ? तूच सांग."

"होय ना जी," केवळराम म्हणाला.

डोंग्याचा एक तुकडा धुरपताने चुलीत घातला. दुसऱ्याचं तुटकं तोंड तिने मातीने लिंपलं आणि त्यात म्हशीला पाणी ठेवलं. केवळराम त्याच्या बाजूने जाताना मान फिरवून जायचा.

पोळ्याच्या आधी ऑफिसातला शिपाई छोटेलाल पत्र्याची नंबर प्लेट घेऊन आला. लायसनवाल्या प्रत्येक डोंग्याला ती ठोकून फोटो पाठवायचा होता.

"डोंगा नाही गा," केवळराम म्हणाला.

"नाही कसा? हा काय होय?"

"म्हैस पानी पिते त्यात."

"मंग पिऊ दे ना बाप्पा. मले फोटोत लाकूड पायजे अन् नंबर पायजे. कायले मले पुन्हा एवढ्या दुरून बलावतं?"

केवळरामने म्हैस बाजूला घेतली. छोटेलालने दोन खिळे ठोकले. तिसऱ्या खिळ्याला लाकूड उभं फाटलं आणि म्हशीचं पाणी अंगणात गेलं.