पौर्णिमेला सुटलेली होडी

"आधी नदीला फूल वाहा, मग दोर सोड. आणि पौर्णिमेला हिला हातसुद्धा लावू नकोस!" मला घडवणाऱ्या म्हाताऱ्या सुताराने माझ्या नावाड्याला, सिंगखामला बजावलेले हे शब्द माझ्या लाकडात अजून मुरलेले आहेत.

मित्रांनो, मी लाओस देशातल्या नाम ऊ नदीवरची एक जुनी होडी आहे. सिंगखामने तो नेम चाळीस वर्षे पाळला. भाताची पोती, डुकरे, नव्या नवऱ्या, सगळे मी वाहिले. पण मालीवानसारखे कोणी माझ्यात बसले नाही. सात वर्षांची पोर. हातपाय ताठ, मान सावरत नाही, झटके येतात. खळाळ आला की मोठे बाप्ये डोळे मिटतात. ही खदखदून हसते! त्या हसण्याने माझ्या फळ्या शहारतात. एवढ्याशा देहात देवाने एवढे धैर्य कुठे ठेवले असेल?

"वनसी, हिला कशाला गं दर वेळी नेतेस? बरी थोडीच होणारे!" एकदा एक शेजारीण म्हणाली.

"तुझा नवरा तरी कुठे सुधारलाय? त्याला नेतेसच की बाजारात!" मालीवानच्या आईने, वनसीने सुनावले. होडीभर हशा पिकला.

झटक्यांचे डॉक्टर खालच्या शहरात महिन्यातून एकदाच येतात, पाच तारखेला. मुलीला तपासल्याशिवाय गोळ्या मिळत नाहीत. गावाला रस्ता नाही, मीच रस्ता. गेल्या महिन्यात नेमकी पाच तारखेला पौर्णिमा आली.

"उद्या जाऊ की. डॉक्टर काय पळून जातोय?" सिंगखाम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पोहोचलो, तर दाराला कुलूप. घरातल्या गोळ्या संपल्या. मग एका दिवसात सात झटके.

आमच्याकडच्या रीतीप्रमाणे गावाने तिचा भरकटलेला जीव हाका मारून परत बोलावला, मनगटावर पांढरे दोरे बांधले. सिंगखामनेही बांधला. गाठ मारत तो म्हणाला,

"पोरी, पुन्हा तुला औषधावाचून राहू देणार नाही."

मित्रांनो, माझ्या तळाला भेग पडली की माणसे त्याच दिवशी राळ भरतात. लेकरांसाठीही तेवढी घाई करा. "उद्या" म्हणू नका.

आज पाच तारीख. आजही पौर्णिमाच.

पहाटे भिक्षूंना भात वाढून सिंगखाम घाटावर आला. वनसी मालीवानला मांडीवर घेऊन आधीच माझ्यात बसली होती. त्याने माझ्या टोकाशी फूल ठेवले, नदीला बराच वेळ हात जोडले आणि वाकून दोर सोडला.