आबांचा कोपरा

कुणी गोणी झटकली की उन्हात तागाची भुरभुर उडते, सोन्याच्या धुळीसारखी, अन् जरा वेळ तशीच हवेत थांबून राहते, खाली यायचं विसरल्यागत. आमचे आबा मला त्या भुरभुरीत दिसतात. आबा म्हणजे माझे सासरे, लासलगावचे बारदानवाले. कांदा सगळ्या जगाला दिसतो, पण तो ज्या गोणीत बसून जातो ती कुणाच्या डोळ्यात भरत नाय, त्या गोण्यांचा त्यांचा धंदा. दुकानात पार छताला टेकलेले गठ्ठे, वरच्या झरोक्यातून आलेली उन्हाची एक तिरीप, अन् तिच्यात आबा उभे. दोन्ही मुठीत गोणी धरून असा झटका द्यायचे की फट्ट आवाज व्हायचा, अन् त्या आवाजावरच म्हणायचे, ही चालंल, हिला दाभण लावा, ही फेका. जेवायला बसले तरी हातावरच्या केसांत तागाचे धागे असायचे. सायखेड्याहून नवी नवरी होऊन आले तेव्हा मला या घरात सगळ्यात आधी तो वास कळला, वाळल्या गवताचा, नव्या सुतळीचा, माणसं नंतर कळली.

मला त्यांची लय भीती वाटायची. मला तशी सगळ्याचीच वाटते, जिन्याची, गॅसची, पोरगी झोपली की तिच्या श्वासाचीसुद्धा, पण आबांची भीती वेगळी होती, देवळातल्या मोठ्या घंटेची वाटते तशी. मंग एक दिवस गच्चीवर वाळवण उचलायला गेले अन् मागच्या मैदानात बघितलं तर आबा. अर्धी चड्डी, बिनबाह्यांचा बनियन, पोट थोडं सुटलेलं, अन् धुळीत फक्कीच्या पांढऱ्या रेषांमधे मागच्या डाव्या कोपऱ्यात वाकून उभे, लहान पोरासारखे. शूटिंगबॉल खेळत होते. व्हॉलीबॉलसारखीच मधे जाळी, पण बॉल बोटांनी अलगद उचलायचा नाय, मुठी जोडायच्या अन् मारायचा. तो आवाज गावातल्या निम्म्या घरांत ऐकू जायचा, अन् उन्हं उतरायची वेळ झाली हे आम्ही बायका घड्याळ न बघता त्याच्यावरून ओळखायचो.

आबा कधी कुठल्या मोठ्या संघात खेळले नाय, कपाटात एक कप हाय त्याची दांडी मोडलेली. पण त्या कोपऱ्यात बॉल पडला असं म्हणे कुणी बघितलेलं नव्हतं. जाळीपाशी सलीमचाचा असायचे, वेल्डिंगवाले, आबांचे लहानपणापासूनचे जोडीदार. ते मोठ्यांदा टोमणे मारायचे, म्हणायचे, शेठ, गिऱ्हाईकापुढं एवढं वाकला असता तर आज बंगला असता. आबा पुढचा बॉल मुद्दाम चाचांच्या कानाजवळून काढायचे. मी गच्चीवर पदर तोंडात धरून हसायचे, अन् त्या दिवसापासून भीती निम्मी झाली.

जिजा माझ्या पोटात होती तेव्हाची गोष्ट. उन्हाळ कांद्याचे दिवस, रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग, दुकानात पाय ठेवायला जागा नाय. आबांनी गोणी झटकली अन् आवाज आलाच नाय. उजवी मूठ मिटलीच नव्हती. आबा त्या हाताकडं बघत राहिले, दुसऱ्याचा हात बघावा तसे, अन् मंग बाजूच्या गठ्ठ्यावर हळूच बसले. नाशिकला नेलं, लय दिवस ठेवलं, परत आले ते जिवंत आले म्हणून सासूबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळला. पण उजवा हात बाजूला लोंबत होता, वाऱ्यानं हलंल तेवढाच हलायचा.

मैदानावरच्या लोकांनी तेव्हा एक रीत पाडली. आबांच्या जागी कुणी उभंच राहिलं नाय. सातातले सहा खेळायचे, तो कोपरा मोकळा. अन् बॉल तिथं पडला तर पॉइंट कुणालाच नाय, सगळे म्हणायचे, आबांचा, अन् परत खेळायचे. बाहेरगावचे आले तर त्यांनाही तसंच सांगायचे अन् तेही ऐकायचे. मला वाटायचं केवढी माया ही. पण आबा घरामागच्या ओट्यावर बसलेले असायचे, तिकडून शब्द यायचा, आबांचा, अन् त्यांचा चेहरा भिंतीकडं वळायचा. एकदा मी चहा घेऊन गेले तर म्हणाले,

"मनीषा, मी मेलो नाय अजून, अन् हे रोज संध्याकाळी माझं श्राद्ध घालतात."

मी चहाचा कप त्यांच्या डाव्या हातात दिला अन् खालून आपला हात लावून ठेवला, कारण आदल्या दिवशी कप निसटला होता. पुढं जिजा झाली तेव्हापण मी तेच केलं. त्यांच्या मांडीवर पोरगी द्यायची तर आधी उशी, उशीखाली माझा हात, अन् जीव माझा टांगलेला. आबांना ते दिसायचं. ते नुसते तिच्या जावळावर फुंकर घालायचे.

थंडी पडली होती. माझ्या माहेरचाच, सायखेड्याचा, संघ आला होता. जिजा बसायला लागली होती तेव्हा. आबा ओट्यावरून उठले, म्हणाले, पोरीला घे, चल. मला वाटलं कडंला बसून बघतील. ते सरळ रेषेच्या आत गेले, एका पोराला खुर्ची आणायला लावली, आपल्या कोपऱ्यात मांडली, बसले, अन् डावा हात माझ्याकडं केला.

"दे तिला."

"आबा, बॉल लागंल."

"दे."

सगळं मैदान आमच्याकडं बघत होतं. सलीमचाचांनी मान खाली घातली. पण आबांच्या डोळ्यांत काय होतं कोण जाणे, मी दिली. उशी नाय, काय नाय. अन् मी खुर्चीच्या मागंच उभी राहिले, फक्कीवर, देवाचं नाव पण आठवंना.

खेळ सुरू झाला. सायखेड्याचा एक उंच पोरगा होता, त्यानं मुद्दाम मारला नाय, पण बॉल उठला अन् तिकडंच आला. उन्हातून येताना तो काळा दिसत होता. आबांचे खांदे पुढं झाले, पाय जमिनीत रुतले, ती लोंबती बाहीसुद्धा थरथरली, सगळं अंग उठायला निघालं. अन् मंग त्यांचा डावा हात वर गेला नाय. तो खाली आला, जिजाच्या डोक्यावर, चिमणी झाकावी तसा. बॉल खुर्चीशेजारी पडला. धूळ उडाली. जिजा दचकली, रडली नाय.

कुणीतरी सवयीनं म्हटलं, आबांचा.

"नाय," आबा म्हणाले. "पडला तो पडला. पॉइंट त्यांना द्या. अन् उद्यापासून हितं कुणालातरी उभा करा."

सलीमचाचांनी डोळे दंडाला पुसले अन् घोगऱ्या आवाजात म्हणाले, "शेठ, मंग खुर्ची काढा. मधे येते."

आबा हसले, आजारपणानंतर पहिल्यांदा, वाकड्या झालेल्या तोंडानं, गाल एकाच बाजूला गेला. मी जिजाला घेतलं तेव्हा तिची टाळू त्यांच्या तळव्यानं गरम झालेली होती. आम्ही हळूहळू घरी आलो. मागं खेळ चालूच राहिला, अन् त्या दिवसानंतर ओट्यावर बसताना आबांचं तोंड मैदानाकडं असायचं.

गेल्या थंडीत ते गेले, झोपेत, कुणाला हाक न मारता. कोपऱ्यात आता एक नवा पोरगा असतो, पोस्टात लागलेला, चांगला वाकतो म्हणतात. दुकान आमचे हे बघतात. जिजाला आबा कुठंयत विचारलं की ती आभाळाकडं बोट दाखवते, पण ते तिला शिकवलेलं हाय, तिला आठवत काय नाय, अन् कसं आठवंल. संध्याकाळी मी भाकरी थापत असते अन् मुठींचा तो आवाज येतो. आधी आवाज आला की कळायचं, हे आबा नायत, अन् छातीत काहीतरी खाली जायचं. आताशा आवाज येतो अन् जातो, भाकरी तव्यावर पडून जाते, अन् मंग ध्यानात येतं की आज छातीत काय हाललंच नाय. मला आयुष्यात लय गोष्टींची भीती वाटली, पण दिवस असे गुपचूप माणसाला आपल्यातून काढून नेतात, अन् नेताना दुखत पण नाय, याच्याएवढी भीती मला दुसऱ्या कशाचीच वाटली नाय.