चार बोटांचा हात

"चार बोटं! चारच हायेत!"

गुहेच्या तोंडाशी कोणीतरी ओरडलं आणि कावळदऱ्याची सगळी माणसं झटक्यात मागे सरली. मागच्यांना काय झालं ते कळलंही नव्हतं, पण घाबरण्यात मागे कशाला राहायचं म्हणून तीही सरली. मी मात्र पुढे घुसले. देवळाली कॅम्पच्या शाळेत मी चित्रकला शिकवते आणि दर सुट्टीत घोटीजवळच्या या गावी माझ्या कुसाआत्याकडे येते. या गुहेत लहानपणी किती वेळा खेळले असेन! भिंतीवरचा लाल हरणांचा कळप, हातात हात धरून नाचणारी काडीसारखी माणसं आणि शेजारचे दोन हात मला पाठ होते. जुनी माणसं त्यांना पांडवांची चित्रं म्हणायची.

आज तिथे तिसरा हात होता.

लग्नात भिंतीवर हळदीचे थापे उठवतात, ते सगळ्यांच्या ओळखीचे. हात हळदीत बुडवायचा आणि भिंतीवर दाबायचा. हा हात उलटाच होता. हाताच्या जागी कोरा दगड आणि भोवती लालभडक रंग. असा हात माणसाला उठवताच येणार नाही, हे गावानं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. शिवाय त्याला करंगळी नव्हती. करंगळीच्या जागी नुसता खुंट होता.

एकेक मान वळली ती कुसाआत्याकडे. कडबा कापायच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताची करंगळी गेली होती, हे गावात कोणाला माहीत नव्हतं?

"भिंत खोटं बोलत नाय!" झुंबरबाबा गरजले. "पोरांना पिवळी कोणी लावली? भिंतीनं हात दाखवलाय! बाबा कोणाचं नाव घेत नाय!" नाव घेतलं नाही, पण शेंदरानं मनगटापर्यंत माखलेला त्यांचा उजवा हात आत्याकडेच वळला होता.

पाऊस सरल्यावर ही बाबांची स्वारी गावात उगवली. त्याच सुमाराला पोरांना कावीळ होऊ लागली होती आणि बाबांचा अंगारा जोरात खपत होता. आत्यानं मात्र सावळीरामची आजारी नात उचलली आणि थेट घोटीच्या दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्यावर बोट ठेवलं. मग आत्या घरोघर सांगत सुटली, "अंगारा नको, पाणी उकळा." तेव्हापासून ती बाबांच्या डोळ्यात खुपत होती.

"उद्या सकाळी भिंत आणखी एक हात देईल," बाबा म्हणाले. "त्याच्यावर हिचा हात टेकवायचा. जुळला, की हिला शिवेबाहेर काढायची. नायतर गावात एक पोर राहायचं नाय!"

ज्याची नात आत्यानं दवाखान्यात पोचवली, तो सावळीरामही खाली बघत उभा राहिला.

संध्याकाळी आत्याच्या पत्र्यावर पहिला दगड पडला. मग आणखी एक. शेजारच्या विठाबाईकडे रोज विस्तव नाहीतर विरजण मागायला जाणं-येणं, पण तिचं दार आतून बंद होतं. मी हाक मारली, तर आतली कुजबूज थांबली. माणसं अशी जमली की पुढे काय होतं, ते मी वाचलेलं होतं.

आत्या चुलीपुढे तांदळाचं पीठ चाळत बसली होती. हात पदराखाली दडवायची तिची धडपड चालली होती, पण पीठ चाळताना तो दडवणार कसा?

"तेजू," ती एकदम म्हणाली, "माझाच असंल का गं तो हात?"

"काय बोलतेस आत्या?"

"झोपेत उठून जात असंल मी. आपल्याला थोडंच कळतंय? सगळी म्हणत्यात ते खोटं कसं असंल?"

बाबा लबाड होता, गाव भित्रं होतं, ते मला समजत होतं. पण लेकरांसाठी दारोदार फिरणारी ही बाई एका दिवसात स्वतःलाच डाकीण समजू लागली होती. मला रडू आलं.

तेवढ्यात पत्र्यावर तिसरा दगड आदळला. आत्या दचकली. चाळणीशेजारी जमिनीवर टेकवलेला उजवा हात तिनं झटकन उचलला आणि आम्ही दोघी एकदम किंचाळलो.

सारवलेल्या जमिनीवर चार बोटांचा हात उमटला होता. आत काळी जमीन, भोवती पांढरं पीठ.

"आली गं बाई, भिंत घरात आली!" आत्या कोपऱ्यात सरकली.

मी मात्र त्या हाताकडे बघत राहिले आणि मग हसतच सुटले. अहो, हेच तर मी शाळेत शिकवते! कागदावर झाडाचं पान ठेवायचं, टूथब्रशनं वर रंग उडवायचा, पान उचलायचं. पानाच्या जागी कोरा कागद! मग आठवलं, आज कौल घ्यायला झुंबरबाबा मौन धरून, गाल फुगवून एकटेच गुहेत गेले होते. बाहेर आले ते लगेच घसा फोडून बोलू लागले. हे कसलं मौन?

सकाळी मी तांब्या घेऊन गुहेच्या वाटेत उभी राहिले. बाबा आले, गाल फुगलेले, डोळे अर्धे मिटलेले. मागे सारा गाव आणि मधोमध आत्या.

"बाबा, आत जाण्याआधी देवाचं नाव घ्या की मोठ्यानं," मी म्हणाले.

बाबांनी हात झटकला. "मौन हाय त्यांचं!" विठाबाई खेकसली.

"मग चूळ भरू द्या. चूळ भरल्यानं मौन मोडत नाही."

बाबा मला ढकलून आत जाऊ लागले. एवढ्यात सावळीराम पुढे येऊन वाटेत उभा राहिला. मान अजून खालीच होती, पण हलला नाही. "भरा की बाबा चूळ," तो म्हणाला. "त्यात काय हाय?"

बाबांनी नाकानं जोरात श्वास ओढला, त्यांना ठसका लागला आणि तोंडातून लाल धार दाढीवरून पांढऱ्या धोतरावर आली.

"रगत! बाबा रगत ओकले!" अर्धा गाव पळाला. क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला. पण वास ओल्या मातीचा होता.

तुळशीवृंदावनाला दर सणाला गेरू लावणाऱ्या विठाबाईनं धोतरावर बोट फिरवलं, हुंगलं आणि म्हणाली, "अगं बया! हा तर गेरू!"

मग मी घरून आणलेला गेरू तांब्यातल्या पाण्यात कालवला, बाहेरच्या एका धोंड्यावर हात ठेवला, करंगळी आत मुडपली, तोंडात गेरूचं पाणी घेतलं आणि फुर्र करून हातावर फुंकलं. हात उचलला. चार बोटं! दोन बोटं मुडपून पुन्हा फुंकलं. तीन बोटं!

"आता तीन बोटांची बाई शोधा गावात," मी म्हणाले. फुंकलेला गेरू माझ्या हाताच्या पाठीवर मनगटापर्यंत बसला होता. असेच डाग झाकायला बाबांच्या हाताला शेंदूर लागत होता, तेही गावाला दिसलं. भिंतीवरचा तिसरा हात विठाबाईनं ओल्या फडक्यानं पुसला, तो लगेच गेला. जुन्या चित्रांना मी कोणाला हात लावू दिला नाही.

मी फोन करून बोलावलेले पोलीस येईपर्यंत बाबांना सावळीरामनं धरून ठेवलं. त्या वेळी त्यांचं मौन अगदी कडक होतं.

"मग ते जुने दोन हात कोणाचे गं?" आत्यानं विचारलं.

"आपल्यासारख्याच माणसांचे. हजारो वर्षांपूर्वी त्यांनी लाल दगड कुटला, पाण्यात कालवला, तोंडानं नाहीतर पोकळ नळीनं असाच हातावर फुंकला. का, ते नक्की कोणाला माहीत नाही. पण तो दगड आपल्या याच डोंगरातला असेल आणि ती फुंकही माणसाचीच."

आत्यानं पदराखालचा हात बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर उघडाच ठेवला.

मला मात्र अजून भीती वाटते. त्या हाताची नाही, "माझाच असंल का गं?" या प्रश्नाची. उद्या हा प्रश्न तुमच्या घरातली एखादी बाई विचारील. तेव्हा घाबरलेल्या गर्दीत जाऊन उभे राहू नका. भिंत कधी बोलत नसते. तिच्या नावानं कोणी बोलू लागला, तर आधी त्याला चूळ भरायला लावा.

आणि पाणी उकळून प्या.