रावजींच्या घरचं पाणी

सकाळी सातला रावजी पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरीची बादली घेऊन विहिरीकडे निघाले, की वाडीतल्या बायका नाकं मुरडायला लागत. मुंबईत एका रंगाच्या कारखान्यात पंचवीस वर्षं काढून रावजी गावी परतले, तेव्हा ग्रामपंचायतीने त्यांना जलसुरक्षक नेमलं. काम साधं होतं. विहिरीत मापून पावडर टाकायची, पुढे तासभर कुणाला कळशी सोडू द्यायची नाही, आणि आठवड्यातून दोनदा घरोघरी जाऊन पाणी तपासायचं. काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब सोडायचे. पिवळं झालं तर पावडर पोचली, पाणी प्यायला हरकत नाही. पण रावजींनी हे काम असं काही अंगावर घेतलं होतं, की बत्तीस घरांची पोटं देवाने त्यांच्याच हवाली केलीत असं वाटावं.

पाणी तपासून झालं की प्रत्येक पडवीत भाषण ठरलेलं. "हंडा झाकून ठेवा. ओगराळ्यानं पानी घ्या, हात बुडवू नका. संडासातनं आलं की साबण लावा, नुसतं पानी ओतून हात धुतले म्हणू नका." लोक त्यांना 'पावडरमास्तर' म्हणत, चहाला वास येतो म्हणून कुरकुरत, आणि तरी पाणी तेच पीत. निदान रावजींना तरी तसं वाटत होतं.

श्रावण निम्मा सरला तेव्हा त्यांची एकुलती एक लेक नम्रता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावई निलेश मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कामाला, त्याला रजा मिळेना, म्हणून सातवा लागताच तिला आणून सोडून गेला. रावजींना काय करू नि काय नको असं झालं. काकड्या काय आणल्या, नारळ काय उतरवून घेतले! पण हा सगळा जिव्हाळा तोंडातून निघेल तर शपथ. लेक दोन हातांच्या अंतरावर बसलेली असायची आणि हे आत डोकावून बायकोला विचारायचे, "पोरगी जेवली काय गो?" सखू तिथूनच म्हणायची, "तिला तोंड हाय, तिला विचारा." मग रावजी घसा खाकरून अंगणात जायचे.

आठवड्याभरात गावची आशा सेविका श्रद्धा धापा टाकत आली. वरच्या वाडीत तिघांना कावीळ झाली होती.

"दूषित पाण्याची कावीळ आहे, काका. इतर माणसं बरी होतात, पण पोटुशी बाईच्या ती जिवावर बेतू शकते," ती हळूच म्हणाली. "नम्रताला जपा."

रावजी म्हणाले, "माझ्या घरात काय होनार?" हे बोलताना त्यांची छाती जरा फुगलीच होती. तरी दुसऱ्या दिवसापासून ते विहिरीवर तासाऐवजी दीड तास पहारा देऊ लागले.

त्यानंतरच्या मंगळवारी नम्रता पडवीत कंटाळून बसली होती. बापाची नळ्यांची पेटी उघडी दिसली तशी म्हणाली, "बाबा, साऱ्या गावाचं पाणी तपासता. आपल्या घरचं कधी तपासलंत?"

"आपलं कशाला? मीच तर पावडर टाकतो."

"मला बघायचंय, कसं पिवळं होतं ते."

लेकीने काही मागितलं होतं. रावजी लगबगीने आत गेले, चुलीशेजारच्या हंड्यातून नळी भरून आणली, ऐटीत थेंब सोडले आणि नळी उजेडाकडे धरली. पाणी स्वच्छ. आणखी दोन थेंब सोडले. तरी पाणी जसंच्या तसं, चष्म्याच्या काचेसारखं.

"औषध जुनं झालं वाटतं," रावजी म्हणाले आणि नळी घेऊन शेजारच्या कमळावहिनींकडे गेले. तिथलं पाणी क्षणात पिवळं झालं. म्हणजे औषध चांगलं होतं, हे रावजींना कळलं. ते परत आले ते थेट स्वयंपाकघरात.

"सखू, ह्या हंड्यात पानी कुठलं?"

सखू तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "झऱ्याचं," ती म्हणाली.

झरा म्हणजे वरच्या कातळातून येणारा. रावजी स्वतः पोरवयात ओंजळीने तेच पाणी प्याले होते. गार आणि गोड. पण त्या कातळाच्या डोक्यावरच आता वरची वाडी वसली होती, तिथले संडासाचे खड्डे होते, आणि जांभ्याच्या भेगांतून काय खाली उतरतं ते कुणाला दिसत नाही.

"किती दिवस?"

"ती आल्यापासनं. अवो, पेला तोंडाशी नेला की उमासा येतो तिला त्या पावडरीच्या वासानं. दोन दिवस पोर तहानलेली राह्यली. मग मीच पहाटे चढ चढून आणायला लागले." सखूचा आवाज चढला. "काय चुकलं माझं? पोरीला पानी पाजलं!"

"अगो, त्या पान्यानंच कावीळ होते! साऱ्या वाडीला ओरडून सांगतो मी!"

"साऱ्या वाडीला सांगितलंत. मला कदी सांगितलंत?"

बत्तीस पडव्यांत चार वर्षं केलेलं भाषण रावजींनी ह्या एका घरात एकदाही केलं नव्हतं. तिला कळतच असेल, असं धरून चालले होते. आणि पाणी उकळलं की पावडरीचा वास उडून जातो, हेही त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ही बाई साठीच्या गुडघ्यांनी रोज कातळ चढत होती, आणि उपाय ह्यांच्या डोक्यात पडून होता. रावजींना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

त्याच दुपारी रिक्षा करून तिघं आरोग्य केंद्रात गेली. रक्त तपासलं, कावीळ निघाली नाही. पण डॉक्टरीणबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकू दिला नाही. आज पाणी पोटात गेलं तर कावीळ दिसायला महिना, दीड महिना, कधी दोन महिनेही लागतात. तोवर उकळलेलंच पाणी, हात साबणाने धुणं, बोलावतील तेव्हा पुन्हा रक्त, आणि रोज सकाळी उजेडात डोळे बघायचे. पांढऱ्यावर पिवळी झाक दिसली की तसंच उचलून आणायचं. येताना रिक्षात सखू पदर तोंडाशी धरून रडत होती आणि नम्रताच तिची पाठ चोळत होती.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका पहारा सुटायची वाट बघत बसल्या होत्या. झऱ्याचं पाणी पिऊ नका, हे रावजींना सांगायचं होतं. पण कारण सांगायला जीभ उचलेना. घरचीचं नाव कसं घ्यायचं? तेवढ्यात सखूच पुढे झाली.

"बायांनू, मी झऱ्याचं पानी भरत होते. माझ्या घरात, ह्यांच्या नाकाखाली. पोटुशी लेकीला तेच पाजलं. आता दोन महिने माझ्या जिवाला घोर हाय. तुमी कुनी भरत असाल तर आजच ओतून टाका. पावडरीचा वास येतो तर उकळा, वास जातो. मला कालच कळलं."

मग कमळावहिनी खाली बघत म्हणाल्या, "मी पन भरते गो. चहा बेस होतो त्याचा."

"तुमचं पानी तर काल पिवळं झालं, वहिनी!" रावजी ओरडले.

"तो हंडा तुमचा, भावजी. तुमच्या नळीसाठी पडवीत भरून ठेवते. आमचा आत असतो."

मग एकेक करत सात घरं निघाली. सात घरांत एक हंडा रावजींचा आणि एक घरच्यांचा. एरवी रावजींनी आकाशपाताळ एक केलं असतं. त्या दिवशी ते विहिरीच्या काठावर बसले आणि बायकोकडे बघत राहिले. चार वर्षांत जे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, ते तिला एका दमात सांगितलं गेलं होतं. सातही हंडे दुपारच्या आत रिकामे झाले.

आणि मग डोळे बघणं सुरू झालं. रोज सकाळी अंगणात पाट मांडून नम्रता उन्हाकडे तोंड करून बसायची, आणि रावजी चष्मा लावून तिच्यासमोर वाकायचे. पहिले काही दिवस दोघंही अवघडायची. लेक न्हातीधुती झाल्यापासून बापाने तिच्याकडे असं तोंडासमोर कधी बघितलं नव्हतं. "वर बघ. खाली बघ. हां, बरं हाय," एवढंच. मग हळूहळू "रात्री झोप लागली काय?" आलं. "पाय सुजलेत जरा" आलं. पोर पोटात कशी लाथ मारते तेही एक दिवस आलं. सखू आतून ऐकायची आणि चुलीवरच्या उकळत्या पाण्यात उगाच डोकावायची. गणपती आले, गेले. मध्ये दोनदा रक्त तपासलं, दोन्ही वेळा नितळ निघालं. नवरात्र सरलं. वरच्या वाडीतलीही माणसं बरी झाली, आणि खड्डे झऱ्यापासून लांब हलवायचं ग्रामसभेत ठरलं.

साठ दिवस पुरे झाले त्या सकाळी श्रद्धा शेवटचा निकाल घेऊन आली. सगळं ठीक होतं. सखूने देवापुढे साखर ठेवली. रावजींनी चष्मा डब्यात घातला, बादली उचलली आणि विहिरीकडे निघाले. अंगणात पाटावर नम्रता बसली होती, उन्हाकडे तोंड करून.

"आज काय बसलीस?" रावजी म्हणाले. "संपलं ना सगळं. आता काय बघायचं नाय."

"तरी बघा," नम्रता म्हणाली.

रावजींनी बादली खाली ठेवली. खिशातून डबा काढला, चष्मा लावला आणि लेकीसमोर वाकले. बराच वेळ बघत होते. काचा ओल्या झाल्या होत्या, धड काही दिसत नव्हतं, पण ते उठले नाहीत. त्या दिवशी विहिरीत पावडर आठ वाजता पडली, आणि रावजींना कुणी काही बोललं नाही.