अकरा नंबरच्या मशीनवरचा हात

मी चिडकी बाई आहे, हे आमच्या शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. चित्रकला शिकवते, डोकमर्डी गावात दोन खोल्यांत एकटी राहते. ठाऊक नाही ते एवढंच, की मुलांकडून मोर आणि कमळं काढून घेणारी ही सुलभाबाई दर शनिवारी दुपारी बारा वाजता ‘सूतवाली’ नावाच्या चित्रकथेचा एक भाग इंटरनेटवर चढवते आणि चार हजार माणसं तो मोबाइलवर वाचून घाबरतात. चित्रं माझी, संवाद माझे, आणि उशीर झाला तर शिव्याही मलाच.

सूतवाली ही जवळच्या राखोली गावातल्या एका कारखान्यातली भुताटकी. सुताचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, भरणाऱ्या अकरा नंबरच्या मशीनपाशी ती उभी असते, आणि जो कामगार जाळीच्या आत हात घालतो त्याचं बोट सुताबरोबर गुंडाळून घेते. ही कल्पना माझी म्हणून मिरवायला आवडलं असतं, पण ती वाल्मिकची. वाल्मिक शिरपूरकडचा, त्या कारखान्यात सात वर्षं मशीन चालवणारा. त्याची बायको दुर्गा आमच्या शाळेत खिचडी शिजवते. एकदा मधल्या सुट्टीत तिने माझ्या टॅबवरची हडळ पाहिली आणि खो खो हसली. यापेक्षा आमचे हे बरे घाबरवतात, म्हणाली. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याला चहाला बोलावलं.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी तो यायचा. उजव्या हाताची मूठ मांडीवर मिटून ठेवायचा, डाव्या हाताने कप धरायचा आणि खाली बघत सांगायचा. जाळी उघडली की मशीन आपोआप थांबायला हवं, पण त्यात माल कमी निघतो म्हणून त्याचा खटका दोऱ्याने बांधून ठेवलेला असतो. एका माणसाने तुटलेला धागा जोडायला आत हात घातला, आणि बोट गेलं. कोणी नेलं, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “ती नेते ना, सूतवाली.” मी ते नाव लगेच टॅबवर लिहून घेतलं.

मला मनाने मशीन काढता येत नाही, आणि खोट्या मशीनला कोणी घाबरतही नाही. मी फोटोवरून रेघ न् रेघ गिरवते. फोटो वाल्मिक काढून पाठवायचा. कारखान्यात फोन न्यायला बंदी, सापडला तर त्याच दिवशी घरी. हे त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि तरी मी दर आठवड्याला मागत होते.

दसऱ्याच्या सुमारास एक फोटो आला. खंडेनवमीला तिथला प्रत्येक कामगार आपापल्या मशीनला हार घालतो आणि कुंकवाच्या पाण्यात उजवा हात बुडवून मशीनच्या दारावर उमटवतो. करड्या लोखंडावर तो लाल हात पाहिला आणि माझं डोकं धावत सुटलं. पूजा मला दिसलीच नाही, दिसलं ते रक्त. पंधराव्या भागात तो हात मी मोबाइलभर उभा केला, शेजारी दोऱ्याने बांधलेला खटका. ठशाची करंगळी आखूड होती. तिथे कुंकू नीट लागलं नसेल असं मला वाटलं. तशीच जास्त भीषण दिसत होती, म्हणून तशीच गिरवली.

शनिवारी भाग चढला आणि रविवारी सकाळपर्यंत नेहमीच्या तिप्पट माणसांनी पाहिला. मी खुशीत येऊन स्वतःसाठी शिरा केला. बशी हातात घेऊन प्रतिक्रिया वाचत होते, तर एक अशी निघाली: “हे तर आपल्या प्लांटचं अकरा नंबर. हात पण ओळखला, वाल्मिकभाऊ.” पुढे तीन हसरे चेहरे. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, आपला माणूस चित्रात आला याचं त्याला कौतुक होतं. दोन तास ते तिथे सगळ्यांना दिसत होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी ते पुसलं आणि बशी तशीच बाजूला ठेवली.

अकराच्या सुमारास दुर्गाचा फोन आला. चित्राचं सुपरवायझर कल्पेशच्या कानावर गेलं होतं, नाव मात्र अजून पोचलं नव्हतं. कोणी फोटो काढला ते उद्या सगळ्यांना समोर उभं करून बघतो, असं त्याने कळवलं होतं. मशीनवरचा ठसा दिवाळीच्या साफसफाईत पुसला गेला होता. राहिलं होतं ते फक्त माझं चित्र.

“बाई, त्यांचं बोट पुरं करा,” दुर्गा म्हणाली. “ही नोकरी गेली तर आमली गावातली भाड्याची खोली जाते. आमची पोरगी कावेरी यंदा दहावीला आहे.”

मी विचारलं, कोणतं बोट?

ती म्हणाली, “चार-पाच महिने तुमच्यासमोर बसतात ते. तुम्हाला दिसलं नाही?”

मला लाज वाटली. आजवर खूपदा वाटली असेल, पण अशी नाही. मुलांना मी ओरडून सांगते, आधी नीट बघा, मग पेन्सिल टेकवा. आणि हा माणूस माझ्या खुर्चीत बसून स्वतःचीच गोष्ट सांगत होता, तर मी त्यातलं भूत तेवढं वेचून घेत होते.

दुपारभर मी ती करंगळी वाढवत बसले. दोन पेरं आणि टोकाची गोलाई, इतकंच काम. नववीतलं पोर पाच मिनिटांत करेल. मला तीन तास लागले, कारण प्रत्येक रेघ खोटी दिसत होती. शेवटी पाच धड बोटांचा हात झाला, तो मी जुन्याच्या जागी चढवला. भीतीपोटी मूळ चित्र पुसलं, वाल्मिकचे सगळे फोटोही पुसले. पण कोणी जुना हात आपल्या फोनमध्ये साठवून ठेवला असेल तर? बारा हजारांतल्या एकाने ठेवला असला तरी पुरे होता.

सोमवारी शाळेत माझं कशात लक्ष नव्हतं. दुर्गाचंही नसावं, कारण खिचडी खाली लागली आणि अख्ख्या व्हरांड्यात वास पसरला. मी दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आले. तिने दोन्ही वेळा नुसती मान हलवली, अजून फोन नाही. सव्वाअकरा, बारा, साडेबारा. सातवीच्या वर्गाला मी फुलदाणी काढायला लावली आणि समोर फुलदाणी ठेवायलाच विसरले. पोरांनी निमूटपणे मनानेच काढली, माझा चेहराच तसा असणार.

दीड वाजता वाल्मिक चित्रकलेच्या वर्गाच्या दारात उभा होता. पोरं जेवायला गेली होती. त्याची पाळी रात्री आठपर्यंत असते, म्हणजे तो इथे असायलाच नको होता. मी त्याला आत घेतलं, दार लोटलं आणि विचारलं, जुनं चित्र सापडलं का कोणाकडे?

नाही, म्हणाला. त्याने सांगितलं ते असं. चित्रातला हात ज्याचा त्यानेच फोटो काढला असं धरून कल्पेशने अकरा नंबरवर आळीपाळीने लागणाऱ्या बारा जणांना रांगेत उभं केलं, फोनवर माझं चित्र मोठं केलं आणि एकेकाच्या हाताशी धरून पाहिलं. वाल्मिकपाशी आला, त्याचा हात पाहिला, चित्र पाहिलं आणि हसला. हा तर अख्खा हात आहे, तुझा कुठला, जा, मशीन चालू कर, असं आपल्या गुजराती वळणाच्या हिंदीत म्हणाला. एवढ्यावर सगळं मिटलं होतं.

“मंग?” मी विचारलं. माझी मराठीसुद्धा घाबरून त्याच्यासारखी झाली होती.

“मंग मी बोललो. सर, हा हात मनाच शे.”

हा हात माझाच आहे, असं! मी भडकले. दुर्गाने काय सांगितलं, मी काल काय केलं, कावेरीचं काय होणार, त्याला काही शुद्ध आहे का, सगळं एका दमात बोलले. त्याने मला बोलू दिलं. माझा दम संपल्यावर तो खुर्चीत बसला.

“चार वर्सं झाली,” तो म्हणाला. “दवाखान्यात होतो, तिथंच कागदावर सही घेतली. सुट्टीवर असताना गावाला कडबा कापायच्या मशीनमध्ये बोट गेलं, असं लिवलेलं. माझ्या घरात कडबा कापायचं मशीन नाही बाई, गुरंच नाहीत. सही नाही केली तर काम नाही, म्हणाले. केली मी.”

मी समोरचं स्टूल ओढून बसले.

“तुमच्या चित्रात ते पहिल्यांदा खरं आलं. अकरा नंबरवर गेलं, दोऱ्यानं बांधलेल्या खटक्यापाशी गेलं. शनिवारी मी कावेरीला दाखवलं. तो फोटो मी उगाच नव्हता पाठवला.” त्याने टेबलावरच्या टॅबकडे पाहिलं. “कंपनीनं लिवलं, बोट गावाला गेलं. तुम्ही काल काढलं, बोट गेलंच नाही.”

इतकं साधं बोलणं मला आजवर कोणी ऐकवलं नव्हतं. मी त्याला वाचवलं होतं, आणि वाचवता वाचवता दुसऱ्यांदा त्याच कागदावर त्याची सही घेतली होती. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

दुर्गाला कळलंय का, असं विचारलं. आधी तिलाच सांगून आलो, म्हणाला. रडतेय, पण जा वर म्हणाली. कारखान्याने त्याचा गेटपास काढून घेतला होता, म्हणजे नोकरी गेली होती. कल्पेशच्या तोंडावर बोलला होता, आणि आता चित्र तसंच राहिलं तर बारा माणसांच्या नजरेत तो खोटा ठरणार होता.

जुनं चित्र मी पुसून टाकल्याचं त्याला सांगायची वेळ आली. सांगितलं. फोटोही नाहीत, म्हटलं. त्याने मान हलवली. मग मांडीवरची मूठ उचलली, टेबलावर माझ्या टॅबशेजारी आणली आणि हात उताणा पसरला. तळव्याला तेलाचे डाग होते. मी बघितलं, जसं बघायला पोरांना शिकवते तसं, पेन हातात न घेता, पुरेसा वेळ.

मग पेन उचललं आणि करंगळी टोकाकडून पुसत आले. नख असतं तिथली गोलाई गेली, मग वरचं पेर गेलं. मी थांबले.

“अजून खाली, बाई,” वाल्मिक म्हणाला. “मधलं पेरही गेलंय.”